काटकपणाचे कौतुक आता पुरे!

त्र्यंबकेश्वरहून हरसूलकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात मोठा देखणा दिसतो. नागली आणि वरईची हिरवी खाचरे, डोंगरांवर उतरलेले ढग, उतारावरचे पाडे. शहरातून सहलीस आलेली माणसे गाडी थांबवून छायाचित्रे काढतात. अशा वेळी डोक्यावर लाकडाची मोळी आणि पाठीशी बांधलेल्या झोळीत तान्हे मूल घेऊन एखादी स्त्री चढण चढताना दिसली, की गाडीतून हमखास एक उद्गार निघतो : ''काय काटक असतात हो या बायका! आज बाळंत होतात नि उद्या कामाला लागतात. नाही तर आपल्या मुली!''

हा उद्गार काढणारी माणसे वाईट नसतात. त्यांच्या मनात तुच्छता नसते, असलेच तर कौतुक असते. परंतु या एका वाक्यात दोन अन्याय दडलेले आहेत. पहिला अन्याय त्या डोंगरातल्या मातेवर. तिच्या अगतिकतेला आपण गुण ठरवून टाकतो. ती काटक आहे म्हणून कामाला जात नाही. ती गेली नाही तर चूल पेटत नाही, म्हणून जाते. दुसरा अन्याय आपल्याच घरातल्या लेकीसुनेवर. तिची वेदना, तिचा थकवा, तिचे रात्री-अपरात्रीचे रडणे हे सारे 'नाजूकपणा'च्या खात्यावर जमा होते. एकीला 'काटक' म्हणायचे, दुसरीला 'नाजूक' म्हणायचे आणि दोघींच्याही मदतीला जाण्याच्या कर्तव्यातून स्वतःची सुटका करून घ्यायची, असा हा व्यवहार आहे. मातृत्वाची महती गाण्यात आपला समाज कोणालाही हार जाणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, मूल जन्मल्यानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांत त्या मातेला आपण नेमके देतो काय?

काटकपणाचा हिशेब

जनजातींतील स्त्रिया प्रसूतीनंतर ठणठणीत असतात, ही समजूत कोणी तपासून पाहिली आहे काय? पाहिली आहे, आणि ती महाराष्ट्रातच. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी करून केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे त्यातून पुढे आले. यांतील बहुसंख्य स्त्रियांनी त्यासाठी डॉक्टरचे तोंडही पाहिलेले नव्हते. याच बंग दाम्पत्याच्या चमूने पुढे गडचिरोलीतील ७७२ मातांची प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतर पाहणी केली. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीच्या प्रत्यक्ष वेळी ज्यांना त्रास झाला त्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. प्रसूतीनंतरच्या काळात आजारी पडलेल्यांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. म्हणजे आपण ज्या क्षणी सुटकेचा निःश्वास टाकून पेढे वाटावयास निघतो, त्या क्षणानंतरच मातेच्या आजारपणाचा मोठा भाग सुरू होतो.

यात आश्चर्य काही नाही. नऊ महिने वाढलेले गर्भाशय पूर्वस्थितीस यावयास सुमारे सहा आठवडे लागतात. या काळात आतली जखम ओली असते. रक्तस्राव चालू असतो. अस्वच्छतेने किंवा दुर्लक्षाने जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. ओटीपोटाचे स्नायू व बंध सैल झालेले असतात. अशा अवस्थेत पाण्याचा हंडा, मोळी, सिमेंटचे घमेले उचलले, की पुढे अंग बाहेर येण्याचे दुखणे जन्माचे सोबती होते. त्यात ती मुळातच अशक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. आणि अशा देहाने दुसऱ्या एका देहाचे पोषण करावयाचे असते. अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. हे अधिकचे अन्न ताटातून आले नाही, तर ते तिच्या हाडामांसातून येते. काटकपणा म्हणून ज्याचे कौतुक चालते, तो बहुधा हाडे झिजण्याचाच दुसरा अर्थ असतो.

आणि हंडा म्हणजे काय, हेही ध्यानात घ्यावे. याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाडा येथील स्त्रिया तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन ये-जा करतात, ही छायाचित्रे २०२२ च्या प्रारंभी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यानंतर तातडीने लोखंडी पूल टाकण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहूनही गेला. पुलाची चर्चा पुष्कळ झाली. त्या बल्ल्यांवरून जाणाऱ्यांत ओली बाळंतीण किती, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आठवत नाही.

पूर्वजांना जे कळत होते

आपल्याकडे बाळंतिणीची काळजी हा पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला विचार नाही. सुश्रुतसंहितेने प्रसूतेस दीड महिनाभर विशेष आहार-विहारात ठेवावे, असे सांगितले आहे. त्यानंतरच तिची 'सूतिका' ही संज्ञा सुटते. चरकसंहितेने तर स्पष्ट बजावले आहे की, सूतिकेला झालेला रोग बरा होण्यास अत्यंत कठीण असतो. कारण गर्भाच्या वाढीने तिचे धातू शिथिल झालेले असतात, प्रसववेदनांनी व रक्तस्रावाने तिचे शरीर रिते झालेले असते. लोकव्यवहारातील सव्वा महिना, सुश्रुतांचा दीड महिना आणि आधुनिक वैद्यकाचे बेचाळीस दिवस हे तिन्ही हिशेब एकमेकांच्या किती जवळचे आहेत, हे निराळे सांगावयास नको. 'मातामृत्यू'ची गणना करतानाही प्रसूतीनंतरचे हेच ४२ दिवस जगभर धरले जातात.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण मुलांना अभिमानाने सांगतो. परंतु त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या मुळाशी एक बाळंतपण होते, हे सांगावयास विसरतो. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या माता झाल्या आणि अवघ्या दहा दिवसांत ते मूल गेले. योग्य उपचार मिळाले नाहीत, ही बोच घेऊन ही मुलगी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. पदवीसाठी तिने प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. स्वतःच्या परंपरेतील ज्ञान आणि आधुनिक वैद्यक यांना एकमेकांसमोर उभे न करता दोन्ही मातेच्या सेवेस लावावीत, ही दृष्टी त्या एकविशीतल्या मुलीपाशी होती. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटून गेल्यावर तरी ती आपल्यापाशी आहे काय?

सेवा गेली, बंधने उरली

येथे आपल्याच घरात डोकावून थोडे कठोर बोलणे भाग आहे. सव्वा महिन्याची जी रीत होती, तिचे दोन भाग होते. एक भाग सेवेचा : तेलाने अंग रगडणे, शेक-शेगडी, धुरी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, माहेरचा बाळंतविडा, आणि मुख्य म्हणजे चुलीपासून, विहिरीपासून पूर्ण सुटका. पाड्यांवर ही सेवा सुईण, आई, आजी, जाऊ आपापल्या ऐपतीप्रमाणे करीत. नागलीची पेज आणि उडदाचे कढण यांत श्रीमंती नव्हती, पण जिव्हाळा होता. दुसरा भाग बंधनांचा : सोयर, वेगळी खोली, हे खाऊ नको, ते पिऊ नको, वारा लागू देऊ नको.

पहिल्या भागास माणसे लागतात, वेळ लागतो, धान्य लागते. दुसऱ्या भागास काहीच लागत नाही. नुसता हुकूम पुरतो. म्हणून काळाच्या ओघात पहिला भाग झिजला आणि दुसरा टिकला. आज अनेक घरांत बाळंतिणीला पाणी बेताचेच दिले जाते, डाळ-भाजी 'बाळाला बाधेल' म्हणून तोडली जाते, काही ठिकाणी बाळासाठी अमृतासमान असलेले पहिले चिकाचे दूध पिळून टाकले जाते. सोयर पाळण्यामागे एके काळी विश्रांतीचा आणि जंतुसंसर्ग टाळण्याचा हेतू असेलही. परंतु तिच्या हातचे चालत नाही म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर, आणि धुण्याभांड्यांचे मात्र चालते म्हणून मोरीत, असा प्रकार जेथे होतो, तेथे परंपरेचे नाव घेण्याचा कोणालाही अधिकार नाही. जी रीत मातेला उपाशी आणि एकाकी ठेवते, ती रीत सोडली पाहिजे. जी तिला जेवू घालते आणि निजू देते, ती पुन्हा घट्ट धरली पाहिजे. संस्कृतिरक्षण म्हणतात ते याहून वेगळे नाही.

एक गोष्ट आणखी स्पष्ट केली पाहिजे. ही सेवा कोणाच्या जिवावर चालत होती? घरातल्या इतर स्त्रियांच्याच. आईने लेकीचे, सासूने सुनेचे, जावेने जावेचे काढले. घरातील पुरुष बाहेर ओसरीवर 'कुटुंबव्यवस्था' या विषयावर बोलत बसले. आता घरे लहान झाली, जावा वेगवेगळ्या शहरांत गेल्या, आई स्वतः नोकरीत किंवा मजुरीवर आहे. तो स्त्रियांचा आधार आटला. पण त्या जागी पुरुष उभा राहिला नाही.

हरसूल ते गिरणारे

आता पुन्हा हरसूलकडे वळू. या पट्ट्यात पाऊस भरपूर, पण तो डोंगरउतारावरून वाहून जातो. खरिपाचे एक पीक निघाले की शेतात काम उरत नाही. मग हरसूल, पेठ, सुरगाणा भागातील कुटुंबे नाशिक, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. गिरणारे येथील मजूर-बाजार त्यासाठी प्रसिद्धच आहे. छाटणी, विरळणी, काढणी ही कामे हातांनी करावयाची असतात आणि ती थांबत नाहीत. बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली बिऱ्हाड असते. टोळीने काम अंगावर घेतलेले असते आणि कित्येकदा उचलही घेतलेली असते. अशा टोळीत एखादी स्त्री ओली बाळंतीण असली, तर तिच्यापुढे पर्याय दोनच : कामाला जाणे, किंवा पाड्यावर म्हाताऱ्या माणसांपाशी पोटापुरत्या धान्याविना राहणे. हे कोणा एकीचे चित्र नव्हे. ज्यांनी हंगामात या बागांच्या कडेला झाडाला बांधलेल्या झोळ्या पाहिल्या आहेत, त्यांना ते ओळखीचे वाटेल.

सरकारी योजना नाहीत काय? आहेत, आणि त्यांनी केलेले काम नाकारणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती आता रुग्णालयात होतात. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे. २०१८ ते २०२० या काळात राज्याचे मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले. देशात केरळनंतर महाराष्ट्राचा क्रमांक लागला. आशा-सेविका, परिचारिका, डॉक्टर यांचे हे श्रेय आहे. परंतु या साऱ्या व्यवस्थेचे लक्ष प्रसूतीच्या टेबलापाशी संपते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील मातेस मोफत जेवण मिळते. ते साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रिया झाल्यास सात दिवस. त्यानंतर गाडी तिला घरी सोडते. घरी आशा-सेविका बेचाळीस दिवसांत सहा वेळा येते. पण त्या कार्यक्रमाचे नावच 'नवजात बालकाची गृहभेट' असे आहे. बाळाचे वजन, बाळाचे तापमान, बाळाचा श्वास यांची नोंद होते. ती आवश्यकच आहे. याच पद्धतीने गडचिरोलीत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये सिद्ध झाले. मात्र मातेची विचारपूस तेथे जोडकामासारखी होते. सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये घेणाऱ्या आशेकडून आपण आणखी किती अपेक्षा करावयाची, हाही प्रश्नच आहे.

राज्यातील जनजाती क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून रोज एक वेळचा चौरस आहार मिळावा, ही कल्पना उत्तम आहे. पण अंगणवाडी पाड्यावर असते आणि बाळंतीण द्राक्षबागेत! ताट गावात, माता परगावी. आशा-सेविकेच्या भेटीही तिच्या मूळ गावच्या वहीत. माणसे स्थलांतर करतात. त्यांचे हक्क मात्र स्थलांतर करीत नाहीत.

पैशांचेही तसेच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपयांचे साहाय्य कबूल केले. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यास पाच हजार मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार. दुसरा मुलगा झाला किंवा तिसरे बाळंतपण असले, तर काही नाही. जणू त्या बाळंतपणात रक्त कमी जाते! पहिल्या अपत्याचे पाच हजार दीड महिन्यावर पसरले, तर दिवसाला १११ रुपये पडतात. त्यातही दोन हजारांचा हप्ता बाळाच्या लसीकरणाचा पहिला टप्पा पुरा झाल्यावर, म्हणजे जन्मानंतर सुमारे चौदा आठवड्यांनी देय होतो. ज्या सव्वा महिन्यात तिला घरी बसण्यासाठी पैशांची गरज, तो सव्वा महिना तोवर कधीच सरलेला असतो.

हरसूलच्या शेजारच्या मोखाडा तालुक्यात ऑगस्ट २०२२ मध्ये जे घडले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. मर्कटवाडी या पाड्यावर एका मातेची घरीच अकाली प्रसूती झाली. जुळी बालके दगावली. मातेस अतिरक्तस्राव सुरू झाला, आणि रस्ता नसल्यामुळे घरच्यांनी तिला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर पावसातून, निसरड्या उतारावरून मुख्य रस्त्यापर्यंत नेले. देशाच्या स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव त्याच महिन्यात साजरा होत होता. दोन लेकरे गमावलेल्या, रक्ताने भिजलेल्या त्या मातेस 'काटक' म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल?

कायद्याच्या कुंपणाबाहेर

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती साहाय्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रतिपादन केले होते की, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला; २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि ही तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही घेण्यात आली. जगातील अनेक देशांहून ही तरतूद उदार आहे, याचा अभिमान वाटावयास हरकत नाही.

परंतु ही रजा मिळते कोणाला? जिच्या हाती नेमणुकीचे पत्र आहे तिला. द्राक्षबागेतील मजूर, वीटभट्टीवरील कामगार, ऊसतोडणीची कोयता चालवणारी, शहरातली धुणीभांडी करणारी, यांच्यापैकी कोणालाही नाही. एकाच नाशिक जिल्ह्यात एका मातेस सव्वीस आठवड्यांचे पूर्ण वेतन आणि दुसरीस दिवसाला १११ रुपये, तेही अटी पूर्ण झाल्या तर! मातृत्व एकच आहे असे आपण म्हणतो. मग ही दोन मापे कशी? आणि पित्यासाठी तर खासगी क्षेत्रात सुट्टीचा कायदाच नाही. जणू मूल एकटीचेच आहे.

सदनिकेतला एकांत

मध्यमवर्गीय वाचकास वाटेल की, हा प्रश्न पाड्यांवरचा आहे. तसे नाही. नाशिकच्या, पुण्याच्या, ठाण्याच्या सदनिकांतून दूध आहे, तूप आहे, डॉक्टर आहे; नाही ते माणूस. पती चौथ्या दिवशी कार्यालयात. आई महिनाभर येते आणि तिच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे परत जाते. मालिश करणारी बाई तासभर येऊन जाते. उरलेले तेवीस तास ती आणि बाळ. बारशाला दीडशे माणसे जेवून जातात. पण बाळ घेऊन तिला दोन तास झोपू देणारे एक माणूस त्या दीडशेंतून निघत नाही. भेटायला येणारी मंडळी बाळाकडे बघतात, बाळाचे नाक कोणावर गेले याची चर्चा करतात, चहाची अपेक्षा ठेवतात. ''दूध पुरते ना?'' असे विचारतात. ''तू झोपलीस का?'' असे विचारीत नाहीत.

यातून जे घडते त्यास वैद्यकीय नाव आहे : प्रसूतीपश्चात नैराश्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात सुमारे १३ टक्के आणि विकसनशील देशांत सुमारे २० टक्के माता यातून जातात. भारतातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात हे प्रमाण २२ टक्के निघाले. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयातील मातांचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले : प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त होत्या. कारणे कोणती? आर्थिक चणचण, पतीकडून होणारा छळ. आणि मुलगी जन्मली असेल तर या कारणांची धार आणखी वाढत होती. म्हणजे हा आजार नुसता त्या स्त्रीच्या मेंदूत नसतो, तो आपल्या घराच्या चार भिंतींत असतो.

अशा मुलीला आपण काय सांगतो? ''आमच्या वेळी आम्ही नाही का काढली चार-चार बाळंतपणे?'' काढली खरी. पण त्या वेळी रात्री बाळ रडले तर घ्यायला घरात दहा हात होते, हे सांगावयाचे राहून जाते. आणि ज्यांच्याजवळ ते हात नव्हते, त्या आजी-पणज्यांनी काय सोसले, त्यांतील किती जणी अबोल झाल्या, किती जणींना 'बाहेरचे लागले' म्हणून मांत्रिकाकडे नेले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. सोसलेल्या दुःखाचा दाखला देऊन पुढच्या पिढीचे दुःख कमी लेखणे, यास संस्कार म्हणत नाहीत. सतत रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, जीव नकोसा होणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरकडे न्यावे. 'टेली-मानस' ही सरकारी मोफत दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती तिला एकटी सोडल्याची.

मग करायचे काय?

दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. एक म्हणते, ''सारे सरकारने करावे.'' दुसरे म्हणते, ''आपली कुटुंबव्यवस्था समर्थ आहे, सरकारची गरजच काय?'' दोन्ही अपुरी आहेत. हॉलंडसारख्या देशात बाळंतिणीच्या घरी साधारण आठ दिवस प्रशिक्षित सेविका येते. ती मातेस तपासते, बाळास न्हाऊ घालते, घरकामास हातभार लावते आणि हा खर्च आरोग्य विम्यातून होतो. आपली सुईण आणि आजी हेच काम आठ नव्हे, चाळीस दिवस करीत होत्या. तेथे कुटुंबे लहान झाली तेव्हा समाजाने पर्यायी व्यवस्था उभी केली; आपण जुनी व्यवस्था गमावली आणि नवी उभारली नाही. केवळ तिची गाणी गात राहिलो.

म्हणून प्रारंभ घरापासून व्हावा. घरात बाळंतीण असेल तर पुरुषाने किमान एक महिना सकाळचा स्वयंपाक, कपडे आणि रात्रीचे एक जागरण स्वतःकडे घ्यावे. यात पौरुषाला बाध येत नाही. तिला पोटभर जेवण, पुरेसे पाणी, सलग झोप आणि विचारपूस एवढ्या चार गोष्टी मिळाल्या, की निम्मे औषध झाले.

दुसरे काम वस्तीचे. आपल्या भागातील महिला मंडळे, बचत गट, गणेशोत्सव मंडळे, शाखांमधील तरुण यांनी मनात आणले, तर दर बाळंतिणीमागे सव्वा महिन्याची शिदोरी उभी करणे अवघड नाही. नागलीचे पीठ, डाळी, गूळ, तूप, शेंगदाणे, डिंक, हळीव, खारीक. मंडपाच्या रोषणाईपुढे हा खर्च काहीच नाही. ज्या घरात माणूस नाही तेथे वस्तीतल्या निवृत्त स्त्री-पुरुषांनी दिवसाचे दोन तास वाटून घ्यावेत.

तिसरे काम बागायतदारांचे, आणि नाशिक जिल्ह्यातील आपल्या वाचकांत ते थोडे नाहीत. टोळी ठरवताना मुकादमाला एक प्रश्न विचारावा : ''दीड महिन्याच्या आतली बाळंतीण आहे का?'' असेल तर तिला कामावर न घेता तिचे जेवण व निवारा आपण द्यावा. टोळीतील इतरांच्या मजुरीतून ती वळती करू नये. मोठ्या बागांच्या समूहाने मिळून एक पाळणाघर चालवावे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षावर औषधाचा अंश किती, हे आपण काटेकोर तपासतो. त्याच मांडवाखाली बाळंतिणीच्या पोटात अन्नाचा अंश किती, हेही कधी तपासावे.

आणि चौथे काम शासनाचे. सरकार कोणत्याही पक्षाचे असो. अंगणवाडीचा आहार व आशेची भेट माता जेथे असेल तेथे मिळाली पाहिजे. त्यासाठी हंगामात बागांच्या पट्ट्यातील अंगणवाड्यांना स्थलांतरित मातांची यादी आधीच मिळावी. मातृवंदनेचा मोठा हप्ता प्रसूतीच्या आठवड्यातच खात्यात यावा आणि तो कितवे अपत्य आहे हे न विचारता यावा. गृहभेटीच्या वहीत बाळाच्या पानाइतकेच मोठे पान आईचे असावे, त्यात तिच्या मनाचीही विचारपूस असावी, आणि त्या कामाचा योग्य मोबदला आशेला मिळावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतरच्या काळजीविषयी पहिली सर्वंकष मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. जगाला उशिरा का होईना, जाग आली आहे. सुश्रुतांचे नाव सांगणाऱ्यांनी तरी मागे राहू नये.

द्राक्षाची गोडी छाटणी दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते. हरसूलच्या पाड्यांवरून बिऱ्हाडे खाली उतरतात ती त्याच सुमारास. त्या वेळी रस्त्यात पाठीशी तान्हे बांधलेली, डोक्यावर बोजा घेतलेली एखादी माता दिसली, तर कौतुक करू नये. गाडी थांबवावी, तो बोजा आणि तिला गाडीत घ्यावे, आणि विचारावे, ''ताई, बाळ किती दिवसांचे?''